पाठीतल्या दोन गोळ्या

प्रश्न : निवृत्तीनंतर वाचनाचा सपाटा लावला आहे. लेकीने ‘द ग्रेट स्विंडल’ ही मूळ फ्रेंच कादंबरी इंग्रजीतून वाचायला दिली. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी एक अधिकारी आपल्याच दोन शिपायांना पाठीत गोळ्या घालतो. पुढे तोच मेलेल्या जवानांना आखूड पेट्यांत कोंबून सरकारकडून पैसे उकळतो. आणि त्याच्यामुळे आयुष्यातून उठलेले दोघे गावोगावच्या स्मारकांचे पैसे लाटायला निघतात. शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. त्यांना गोष्ट सांगितली, तर म्हणाले, “हे सगळं लेखकाच्या डोक्यातलं. फौजेत असं चालत नाही.” यात खरे किती आणि रचलेले किती?
– एक वाचक, कराड

उत्तर : सुभेदारसाहेबांना माझा नमस्कार सांगा आणि निम्मी बाजी त्यांची, असेही सांगा. गंमत एवढीच, की यातले जे सहज पटते ते रचलेले आहे आणि ज्यावर आपण ‘काहीतरीच काय’ म्हणतो ते घडून गेलेले आहे.

पुस्तक न वाचलेल्यांसाठी आधी थोडे. पिएर लमेत्र हा मुळात पोलिसी कादंबऱ्यांचा लेखक. पहिले पुस्तक आले तेव्हा पंचावन्न वर्षांचा होता. २०१३ मध्ये ही कादंबरी आली आणि त्याच वर्षी तिला गोंकूर पुरस्कार मिळाला. फ्रान्समधला हा सगळ्यांत मानाचा साहित्य-पुरस्कार; रक्कम म्हणाल तर दहा युरोचा धनादेश. लेखक बहुधा तो चौकटीत लावून भिंतीवर टांगतात, कारण पुरस्कारानंतर पुस्तकाचा खप लाखांत जातो.

गोष्ट सुरू होते २ नोव्हेंबर १९१८ ला. युद्ध संपायला नऊ दिवस उरलेत. तारीख कुणाला ठाऊक नाही, पण शांततेचा वास खंदकात सगळ्यांना लागला आहे आणि आता मरायची हौस कुणालाच नाही. लेफ्टनंट प्रादेलला मात्र तह होण्याआधी एक टेकडी हवी आहे आणि तिच्यासोबत एक बढती. तो दोघांना टेहळणीला पुढे धाडतो. एक तुकडीतला सर्वांत वयस्क, दुसरा पोरसवदा. गोळ्यांचे आवाज होतात, दोघे कोसळतात, तुकडी खवळते आणि टेकडीवर तुटून पडते. अल्बेर मायार हा बँकेत कारकुनी केलेला भित्रा, हळवा माणूस धावता धावता त्या पोराच्या प्रेतापाशी येतो. त्याला पाठीत दोन भोके दिसतात. जर्मन तर समोर होते.

तो मान वर करतो तो प्रादेल त्याच्याच रोखाने येत असतो. एक धक्का, आणि अल्बेर तोफगोळ्याने पडलेल्या खड्ड्यात. पुढच्याच क्षणी दुसरा गोळा फुटतो आणि वरून मातीचा डोंगर कोसळतो. त्या मातीखाली त्याच्या तोंडाशी येते ते मेलेल्या घोड्याचे मुंडके. त्या मुंडक्यात कोंडून राहिलेली सडकी हवा हाच त्याचा शेवटचा श्वास. एदुआर पेरिकूर नावाचा दुसरा शिपाई, स्वतःचा पाय जायबंदी झालेला असताना, त्याला उकरून बाहेर काढतो, छातीवर उड्या मारून श्वास चालू करतो; आणि ते करत असतानाच गोळ्याचा एक तुकडा येऊन त्याचा खालचा जबडा घेऊन जातो. वाचनाचा सपाटा जरा थांबवा आणि ती पाने पुन्हा वाचा. पुढची पाचशेएक पाने त्या खड्ड्यातूनच उगवली आहेत.

आता तुमचा प्रश्न. प्रादेल रचलेला आहे. पण कादंबरीचे मूळ फ्रेंच नाव पाहा : ‘ओ रव्वार ला-ओ’, म्हणजे साधारण ‘वरती भेटूच’. हे शब्द लमेत्रचे नाहीत. ते झाँ ब्लांशार नावाच्या शिपायाने डिसेंबर १९१४ मध्ये बायकोला लिहिलेल्या शेवटच्या पत्रातले आहेत. दुसऱ्या दिवशी त्याला गोळ्या घातल्या गेल्या, आणि त्या जर्मनांनी घातल्या नव्हत्या.

व्हँग्रे नावाचे खेडे आहे. २७ नोव्हेंबर १९१४ च्या संध्याकाळी तिथल्या खंदकात जर्मन अचानक घुसले. फ्रेंच शिपाई मागच्या खंदकात हटले. सब-लेफ्टनंट पोलोने हटायला सांगितले म्हणून हटले. थोड्याच वेळात पुढे जाऊन त्यांनी आपली जागा परतही घेतली. पण वरून विचारणा झाली तेव्हा पोलो म्हणाला, मी हुकूम दिलाच नव्हता. ‘शत्रूसमोरून पळाले’ असा ठपका ठेवून चोवीस जणांना उभे केले आणि इतरांना धाक बसावा म्हणून सहा जणांना ४ डिसेंबरला गोळ्या घातल्या. ब्लांशार त्या सहांतला. युद्ध संपल्यावर विधवांनी आणि सोबतच्या जवानांनी पाठपुरावा केला. जानेवारी १९२१ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवले. पोलोवर खटला भरला आणि तो सुटला.

म्हणजे पाठीत गोळी घालणारा अधिकारी कागदोपत्री नाही, पण हुकूम नाकबूल करून सहा जणांना छातीत गोळ्या घ्यायला लावणारा आहे. यातले जास्त वाईट कोणते, ते सुभेदारसाहेबांनाच विचारा.

सुऐं गावची हकीगत तर याहून वरताण. मार्च १९१५ मध्ये दमलेल्या तुकड्या पुन्हा चढाईसाठी खंदकाबाहेर पडेनात, म्हणून जनरल रेव्हेयाकने आपल्याच तोफखान्याला आपल्याच खंदकावर मारा करायला सांगितले. तोफखान्याच्या कर्नलने लेखी हुकूम मागितला. तो काही आला नाही, तोफाही उडाल्या नाहीत. मग लष्करी न्यायालय बसले आणि १७ मार्चला चार कॉर्पोरलना गोळ्या घातल्या. त्यांतल्या एकाची बायको ब्लांश मोपा ही शाळामास्तरीण. तिने अर्ज, सभा, खटले असा सारा खटाटोप जवळजवळ वीस वर्षे केला आणि १९३४ मध्ये चौघांवरचा कलंक पुसून घेतला. त्यावरून हम्फ्री कॉब या अमेरिकन लेखकाला कादंबरी सुचली आणि त्या कादंबरीवरून स्टॅन्ली क्युब्रिकने १९५७ मध्ये ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ हा चित्रपट काढला. फ्रान्समध्ये तो पडद्यावर यायला १९७५ उजाडले. शिस्तभंगापायी फ्रेंच सैन्याने त्या चार वर्षांत आपलेच सहाशेहून जास्त शिपाई गोळ्या घालून मारले.

आता पेट्यांचा घोटाळा. तो खरा आहे. युद्धभूमीवर जिथे पडला तिथे पुरला, असे लाखो जवान होते. युद्ध चालू असताना आणि नंतरही प्रेत घरी न्यायला बंदी होती. आई-बाप रात्री मजुरांना पैसे चारून गुपचूप थडगी उकरून घेत. शेवटी ३१ जुलै १९२० चा कायदा आला : ज्याला आपला माणूस गावी न्यायचा असेल त्याला सरकार तो सरकारी खर्चाने पोचवील. सुमारे २,४०,००० प्रेते अशी घरी गेली. बाकीची मोठ्या लष्करी दफनभूमींत हलवायची होती. हे काम गेले ठेकेदारांकडे आणि दर ठरला पेटीमागे. पुढचे आपल्याकडच्या वाचकाला सांगायला नको. जितक्या पेट्या तितके बिल, मग एका माणसाच्या दोन पेट्या होतात, पेटीत माती भरली जाते, नावाच्या पाट्या इकडच्या तिकडे होतात. याचा बोभाटा तेव्हा वर्तमानपत्रांत आणि संसदेत झाला. पुढे बेआत्रिक्स पो या इतिहासकार बाईंनी हे सगळे दप्तर धुंडाळले. लमेत्रने तिथूनच सामग्री उचलली आणि पुस्तकाच्या शेवटी तसे मोकळेपणाने सांगितलेही आहे. कादंबरीत लक्षात राहतात ती मापे. एक मीटर सत्तरची पेटी घासाघीस करत एक मीटर तीसवर येते, आणि मग पेटीत न मावणाऱ्या माणसाचे काय करायचे, हे मजूरच ठरवतात.

उरला स्मारकांचा घोटाळा. तो मात्र निव्वळ कल्पनेतला, आणि तेही लेखकाने कबूल केले आहे. पण कल्पना कसली चोख आहे बघा! युद्धानंतरच्या काही वर्षांत फ्रान्समध्ये तीस हजारांहून जास्त स्मारके उभी राहिली. जवळजवळ प्रत्येक ग्रामपंचायतीला एक हवे होते, ११ नोव्हेंबरच्या आत हवे होते आणि शेजारच्या गावाहून उणे नको होते. सरकारी अनुदान होते, लोकवर्गणी होती, ओतशाळांचे छापील सूचिपत्रक होते. त्यातून शिपायाचा पुतळा निवडायचा, क्रमांक कळवायचा, पैसे पाठवायचे. एजेन बेने या शिल्पकाराचा हात उंचावलेला ‘विजयी शिपाई’ अशाच मागणीने शेकडो चौकांत जाऊन उभा राहिला. कादंबरीत एदुआर, जो हाडाचा चित्रकार आहे, तसलेच सूचिपत्रक काढतो. आगाऊ रक्कम भरणाऱ्यास घसघशीत सूट. पुतळा एकही बनायचा नाही. हे कुणी प्रत्यक्षात का केले नाही, याचेच आश्चर्य वाटते.

आता माझे मत. या कादंबरीत विश्वासघात इतिहासातून आला आहे आणि सूड तेवढा लेखकाने पदरचा घातला आहे. पोलो सुटला. रेव्हेयाकला पुढे ‘लेजियाँ द ऑनर’मधला वरचा किताब मिळाला. प्रादेलची मान मात्र मेर्लं नावाच्या एका कळकट, कुणालाच नकोशा सरकारी कारकुनाच्या हाती सापडते. हा माणूस दफनभूमीच्या चिखलात आपले अजस्र बूट रुतवत पेट्या मोजत हिंडतो, आणि त्याच्यापुढे लाखभर फ्रँकची लाच ठेवली जाते. तो तिचे काय करतो ते सांगून रसभंग करत नाही. पुस्तकात शूर म्हणावा असा माणूस मला तोच वाटला, आणि तो एकही गोळी झाडत नाही.

प्रश्न : याच कादंबरीतला एदुआर श्रीमंत बापाचा मुलगा. तरी तो घरी जात नाही, मेल्याचे खोटे कळवतो. जिवंत परतलेला शिपाई घरी जायचे टाळतो, हे पटत नाही.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : त्याच्या जागी आरशात पाहिलेत की पटेल. तोंडाचा खालचा भाग नाही, जेवण नळीने, बोलणे म्हणजे घशातला घरघराट. अशा जवानांना फ्रान्समध्ये ‘फुटलेले थोबाड’ अशा अर्थाच्या शब्दाने ओळखत. शिवी वाटेल, पण हे नाव त्यांनीच अभिमानाने लावून घेतले. असे जबर जखमी झालेले पंधरा हजारांच्या आसपास होते. पॅरिसच्या व्हाल-द-ग्रास इस्पितळात एकेकावर दहा-वीस शस्त्रक्रिया होत. ॲना कोलमन लॅड ही अमेरिकन शिल्पकार बाई पॅरिसमध्ये त्यांच्यासाठी तांब्याच्या पातळ पत्र्याचे मुखवटे घडवी, त्यावर त्वचेचा रंग देई, मिशीसुद्धा लावी. कादंबरीत एदुआर घरमालकिणीच्या लहान मुलीला हाताशी घेऊन रोज नवा मुखवटा करतो, त्याचे मूळ इथे आहे. २८ जून १९१९ ला व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या तेव्हा अशा पाच जणांना मुद्दाम दालनात उभे केले होते, जर्मन प्रतिनिधींना दिसावे म्हणून. १९२१ मध्ये या लोकांनी स्वतःची संघटना काढली आणि तिच्या खर्चासाठी लॉटरीची तिकिटे विकली. फ्रान्सच्या राष्ट्रीय लॉटरीत त्या संघटनेचा वाटा आजही आहे.

आणि घरी जाणाऱ्याला अंगावर घालायला सरकारने काय दिले? एक सरकारी कोट, नाहीतर बावन्न फ्रँक. दोन्ही एकदम नाही. चार वर्षांच्या चिखलाचा हा हिशेब. अल्बेरसमोर हाच पर्याय येतो, आणि पुढे लबाडीच्या वाटेला लागलेल्या या दोघांचा वाचकाला राग येत नाही तो यामुळेच.

परतलेल्या शिपायाची उलटी कथाही घडलेली आहे. १ फेब्रुवारी १९१८ ला जर्मनीतून सुटलेल्या कैद्यांच्या गाडीतून लिओंच्या स्थानकावर एक माणूस उतरला. कागदपत्र नाहीत, स्मृती नाही. विचारले तर ‘मांजँ’सारखे काहीतरी पुटपुटला, म्हणून तेच त्याचे नाव पडले. १९२० मध्ये त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापले आणि देशभरातून आया, बायका धावत आल्या : हा माझाच. शेकडो घरांनी हक्क सांगितला. पुढे त्याला एका गावी स्थानकावर सोडून दिले, तर तो न विचारता चालत चालत मोंज्वां नावाच्या म्हाताऱ्याच्या दारात जाऊन थांबला. मुलगा सापडला, पण इतर दावेदार ऐकेनात. खटले चालू राहिले, तोवर बाप गेला, भाऊ गेला, आणि हा १९४२ मध्ये पॅरिसच्या वेड्यांच्या इस्पितळात मेला.

मराठी माणसाला हे वाचून तोतया आठवायलाच हवा. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ गर्दीत दिसेनासे झाले, आणि पार्वतीबाईंनी कुंकू पुसले नाही असे सांगतात. पुढे एक कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणत उभा राहिला. रत्नागिरीच्या कैदेतून सुटून १७७६ मध्ये त्याने कोकणात किल्ल्यांमागून किल्ले घेतले, हजारोंनी त्याच्यामागे गेले, आणि त्याच वर्षी पकडून त्याला पुण्यात देहदंड दिला. न. चिं. केळकरांचे ‘तोतयाचे बंड’ हे नाटक त्यावरचेच. फ्रान्समध्ये एका माणसाला शेकडो घरे होती, इथे एका घराला नको असलेला माणूस चिकटत होता. गणित वेगळे, पण पोकळी तीच : प्रेत दिसले नाही की घरातला माणूस मरत नाही.

प्रश्न : चित्रपट आधी पाहू की पुस्तक आधी वाचू?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : पुस्तक. आल्बेर द्युपाँतेलचा २०१७ चा चित्रपट देखणा आहे, मुखवटे तर पाहत राहावेत असे, आणि पाच सेझार पुरस्कार त्याने घेतलेही. पण शेवट मवाळ केला आहे.

प्रश्न : त्या युद्धात आपली मराठी माणसेही गेली होती. त्यांची स्मारके कुठे आहेत? त्यांची प्रेते घरी आली का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही आली. ब्रिटिशांनी १९१५ पासूनच प्रेते मायदेशी न्यायला बंदी घातली आणि युद्धानंतरही ती उठवली नाही. फ्रेंचांसारखा घोटाळा तिकडे झाला नाही, कारण ठेकाच निघाला नाही.

मराठा पलटणींचा मोठा भाग फ्रान्सला नव्हे, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढला. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. कूत-अल-अमारा इथे ही फौज डिसेंबर १९१५ मध्ये वेढ्यात सापडली. उपासमार, रोगराई, शेवटी घोड्यांचे मांस, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. त्यानंतर वाळवंटातून कैद्यांची पायपीट. तीत किती मेले याची मोजदाद वेगळीच. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त मृतांची नोंद आहे. तिथे गोऱ्या शिपायाचे नाव कोरलेले आहे, हिंदी अधिकाऱ्याचेही आहे. साध्या हिंदी शिपायाचे नाव नाही : पलटणीचे नाव, आणि पुढे आकडा.

आपल्या गावांतही तेच. सातारा, रत्नागिरी भागात कुठे चावडीवर, कुठे शाळेच्या भिंतीत संगमरवराची फरशी बसवलेली दिसते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. फ्रान्समधल्या दोनशे वस्तीच्या खेड्यातही स्मारकावर एकेका पोराचे नाव असते. आपल्या फरशीवर दोन संख्या असतात. साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंग्याचा आकडा ४६. कादंबरीतल्या त्या दोन लबाडांनी मृतांच्या नावावर पैसे खाल्ले, पण त्यांच्या बनावट सूचिपत्रकातसुद्धा नावांसाठी जागा सोडलेली असणार.

तुमच्या गावात अशी फरशी असेल, तर तिच्यावरचा मजकूर उतरवून घ्या. वाडीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, ‘बसऱ्याला गेला तो परत आला नाही’ असे घरात कुणाबद्दल बोलत होते, आणि जे नाव सांगतील ते या सदराकडे कळवा.